एक साखळी, एक नकाशा

शिर्डीला पालखीबरोबर पायी येणारा भाविक वाटेवरच्या माणसाला हमखास विचारतो, "अजून किती लांब?" कोणी सांगतो दोन कोस, कोणी सांगतो सहा किलोमीटर, आणि चहाच्या टपरीवरचा पोरगा म्हणतो, "हे काय, आलंच!" तिघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात आणि चालणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. पण हाच प्रकार शेताच्या मापात शिरला की भावाभावांत वितुष्ट येते, आणि डोंगराच्या मापात शिरला की सबंध खोऱ्याला ते भोवते. ते कसे, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासात पाहू.

सतराव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबराने जमिनीची पाहणी करून सारा ठरविला. त्याची ही व्यवस्था पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या स्मरणात राहिली. जुने माप ऐकायला मोठे सुबक आहे. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर. आता तुम्ही विचाराल, हात कोणाचा? उंच्यापुऱ्या पाटलाचा की ठेंगण्या कुळकर्ण्याचा? खरी मेख तिथेच होती. बिघ्याचे नाव सगळीकडे एक, पण गाव बदलले की त्याचा आकार बदले. गावापुरते ते चालून जाई, कारण गावाला आपले माप ठाऊक असे. दोन गावांची तुलना करायची वेळ आली की मात्र सगळे अडे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांचा अंमल आला. त्यांच्यापैकी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास दख्खनच्या जमिनीची मोजणी हाती घेतली. गृहस्थ विद्वान होता. उत्पन्नातून खर्च वजा जाता काय उरते, त्यावर सारा बसवावा असा त्याचा शास्त्रशुद्ध विचार. पण मोजणारे हात कच्चे आणि काही लाचखाऊही निघाले. आकडे चुकले, सारा डोईजड झाला, शेतकरी शेते टाकून निघून गेले. सिद्धान्त कितीही उत्तम असो, शेतातला आकडाच खोटा असेल तर त्याचा काय उपयोग?

मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी पुन्हा आरंभ केला. त्यांनी माप ठरविले ३३ फुटांच्या साखळीचे. साखळीचे भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी लोखंडाची असल्यामुळे पाटलाला ती लांब नाही आणि कुळाला आखूड नाही! मातीच्याही नऊ प्रती ठरविल्या. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत मातीचा कस आणि खोली पाहून प्रत लावायची. १८४७ मध्ये डेव्हिडसन यांच्यासह त्यांनी संयुक्त अहवाल लिहिला आणि हे नियम एके ठिकाणी बांधून दिले. हे सारे सरकारी तिजोरीसाठी केले होते, रयतेवरच्या मायेपोटी नव्हे, हे विसरून चालणार नाही. तरीही त्यातला धडा घेण्यासारखा आहे. माणसे अनेक असोत, माप एक हवे, आणि ते लिहून ठेवलेले हवे. आज सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, पण शेतकऱ्याच्या तोंडी अजून गुंठाच आहे.

या पद्धतीत एक उणीव मात्र राहून गेली. गावाचा नकाशा गावाच्या शिवेपुरता अचूक असे, पण पृथ्वीच्या अक्षांश-रेखांशांशी त्याची गाठ घातलेली नसे. ते काम १८०२ साली मद्रासकडे लॅम्बटनने सुरू केलेल्या त्रिकोणमितीच्या मोजणीचे. एक खाते सारा मोजी, दुसरे पृथ्वी मोजी. म्हणून दोन शेजारी गावांचे जुने नकाशे शिवेवर जुळवू गेले की कुठे फट राहते, तर कुठे एकावर एक चढते.

तुम्ही म्हणाल, ही जुनी कथा आज कशाला? तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेला चला. अकोले तालुक्यात रतनगडाजवळ प्रवरा उगम पावते, भंडारदऱ्याला अडते आणि कालव्यांनी खाली येऊन आपल्या राहाता तालुक्यातल्याही काही गावांचा ऊस पोसते. वरचे रान आणि खालचा ऊस, एकाच पाण्याची ही दोन टोके. ते रान सह्याद्रीचे. हा सह्याद्री किती मोठा, याला दोन उत्तरे मिळाली! माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाट सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर धरला. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये तो सुमारे १,६४,००० धरला. पहिल्या समितीने सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकटी पाडून प्रत्येकीला गुण दिले. दुसऱ्या गटाने उपग्रहाची चित्रे घेऊन गाव हा घटक मानला. दोन्हीकडे जाणती माणसे होती, पण साखळ्या निरनिराळ्या. नऊ किलोमीटरच्या चौकटीत दाट देवराई आणि उघडा माळ एकाच गुणांत बसतात. आणि गाव हा घटक धरला की रान सलग असूनही रेघ शिवेवर थांबते. पुढे जपणुकीच्या क्षेत्राचा सरकारी मसुदा २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा निघाला. मतभेदाला कारणे पुष्कळ होती. पण "माझे गाव रेघेच्या आत की बाहेर?" या साध्या प्रश्नावर गावकरी इतका अस्वस्थ का होतो, ते बांधावरून भांडणाऱ्याला सांगायला नको.

जगभरही हीच अडचण आहे. जंगल, गवताळ रान, तळी यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारी संशोधन केंद्रे अमेरिकेने १९८० पासून एका सूत्रात ओवली. १९९३ मध्ये अनेक देशांची तशी जोडणी झाली. तिथे आलेला अनुभव असा, की नुसती नोंद असून भागत नाही. नकाशा पृथ्वीच्या कोणत्या मोजमापावर बेतला आहे, किती बारकाव्याचा आहे, कोणी आणि केव्हा मोजला, हे प्रत्येक नकाशासोबत एकाच पद्धतीने लिहिलेले हवे. आपल्याकडेही जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलावर आणि नवे जागतिक गोलावर बेतलेले. ध्यानात न घेता एकावर एक ठेवले, तर एकच झाड दोन ठिकाणी उगवते!

म्हणून वनखात्याने झाडे मोजावीत, पाटबंधाऱ्याने पाणी मोजावे, विद्यापीठांनी पक्षी मोजावेत, पण साखळी सर्वांची एक असावी. नाहीतर रान तुटले तेव्हा पाणी का आटले, हे सिद्ध करायला आपल्या हाती दोन न जुळणारे कागद उरतील. तलाठ्याच्या दप्तरात आपला गटनंबर शोधताना तुम्ही जितके सावध असता, तितकेच या नकाशांविषयी असा. ग्रामसभेपुढे असा नकाशा आला, तर रेघ कुठून जाते ते विचाराच, पण त्याआधी ती कोणत्या साखळीने ओढली ते विचारा.