ग्रीन लेनचा हृदयसंग्रह

३ सप्टेंबर १९५८ रोजी ऑकलंडच्या ग्रीन लेन रुग्णालयात ११ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातले छिद्र बुजवले गेले. हृदय-फुप्फुस यंत्र लावून न्यूझीलंडमध्ये झालेली ही पहिली शस्त्रक्रिया. सर्जन ब्रायन बॅरट-बॉइज अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शिकून आले होते. यंत्र इंग्लंडहून आलेले. ते चालते करायला सिड यॅरो या अभियंत्याने हातभार लावला.

पण तान्ह्या बाळांचे काय?

१९६९ पासून ग्रीन लेनमध्ये बाळाला भूल देऊन बर्फाच्या पिशव्यांत ठेवू लागले. मग यंत्रातून रक्त आणखी गार करायचे आणि शरीराचे तापमान २० अंशांच्या आसपास आले की रक्ताभिसरणच थांबवायचे. थिजलेल्या, रिकाम्या हृदयावर टाके घालायला जेमतेम तासभर मिळे. मूळ युक्ती क्योटोच्या सर्जनांची. बॅरट-बॉइज यांनी ती पक्की बसवली आणि जगभरचे सर्जन ऑकलंडची वारी करू लागले.

अक्रोडाएवढ्या हृदयात सुई कुठे जाऊ द्यायची नाही, हे चित्रे पाहून कळत नाही. त्यासाठी ग्रीन लेनकडे दगावलेल्या मुलांची हृदये होती, १९५० च्या सुमारापासून द्रावणात जपलेली. छिद्र कुठे, झडप कशी, कोणती धमनी भलत्याच कप्प्यातून निघाली, सारे हातात घेऊन पाहता येई. दोष मुळात का उद्भवला, हे मात्र त्यातून कळत नव्हते. त्याचे धागे पुढे जनुकांत सापडले: १९९७ मध्ये टीबीएक्स५ हे जनुक हृदयातले छिद्र आणि हाताचे व्यंग एकत्र आढळणाऱ्या घराण्यांत, तर १९९८ मध्ये एनकेएक्स२-५ हे जनुक छिद्रासोबत हृदयाच्या ठोक्यांतही अडथळा असलेल्या घराण्यांत. तरीही बहुतेक मुलांच्या बाबतीत एका जनुकाकडे बोट दाखवता येत नाही.

२००२ मध्ये या संग्रहाची बातमी फुटली. हजाराहून अधिक हृदये, आणि कितीतरी आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. मृतदेह अखंड मातीला द्यावा असे मानणाऱ्या माओरी कुटुंबांना तर हा घाव फारच खोल. याला नजरचूक म्हणवत नाही. त्या पिढीतल्या डॉक्टरांना विचारायची गरजच वाटत नसे. शेजारच्याच नॅशनल विमेन्स रुग्णालयातल्या संशोधनाची चौकशी होऊन १९८८ मध्ये संमतीचा प्रश्न देशभर गाजला होता, तरी हा संग्रह आणखी १४ वर्षे तसाच राहिला. मृतांचे अवयव आणि ऊती घेण्यासाठी संमतीला पाया मानणारा नवा कायदा आला तो २००८ मध्ये.