युद्ध जनतेच्या गळी उतरेना : अध्यक्ष जॉन्सन आणि व्हिएतनाम

कोणतेही युद्ध केवळ सैन्याच्या बळावर चालत नाही. मुले रणांगणावर पाठवायला आणि कर भरायला जनता तयार असावी लागते. त्यासाठी युद्धाचे कारण तिला पटवून द्यावे लागते. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हे व्हिएतनाम युद्धात चार वर्षांच्या आत जमेनासे झाले.

सुरुवातीचा पाठिंबा

उत्तर व्हिएतनामने टोन्किनच्या आखातात आपल्या युद्धनौकांवर दोनदा हल्ला केला, असे जॉन्सन सरकारने ऑगस्ट १९६४ मध्ये जाहीर केले. २ ऑगस्टची चकमक खरी होती. ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. पण सखोल चौकशी न करताच ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेने अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहात ठरावाच्या बाजूने ४१६ मते पडली, विरोधात एकही नाही. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. १९६७ अखेर व्हिएतनाममध्ये ४ लाख ८० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक होते.

बौद्ध भिक्खूंची भूमिका

आपण व्हिएतनामी जनतेसाठी लढतो आहोत, हा अमेरिकेचा मुख्य दावा होता. त्याला तडा दिला तो खुद्द व्हिएतनामी बौद्धांनी. अमेरिकेचा पाठिंबा असलेल्या दिएम सरकारच्या बौद्धविरोधी धोरणाचा निषेध म्हणून ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिच क्वांग डुक यांनी सायगॉनच्या चौकात आत्मदहन केले. ते छायाचित्र जगभर पोहोचले.

१९६६ मध्ये भिक्खू थिच न्हात हान्ह अमेरिकेत आले. बॉम्बहल्ले थांबवा, ही त्यांची मागणी होती. शिकागोत ते मार्टिन ल्युथर किंग यांना भेटले. किंग यांनी जानेवारी १९६७ मध्ये शांततेच्या नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले आणि ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात युद्धाला जाहीर विरोध केला. घरी ज्यांना समान हक्क नाहीत, ते कृष्णवर्णीय तरुण परदेशात कोणाच्या स्वातंत्र्यासाठी मरत आहेत, हा त्यांचा सवाल होता.

विश्वास कसा गेला

टेट आक्रमणाच्या बातम्यांमुळे जनमत फिरले, असे अनेकदा सांगितले जाते. आकडे वेगळे बोलतात. सैन्य पाठवणे ही चूक होती, असे मानणारे ऑगस्ट १९६५ च्या गॅलप पाहणीत २४ टक्के होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये ४७ टक्के. म्हणजे टेटच्या तीन महिने आधीच जनता दुभंगली होती. नोव्हेंबरमध्ये सेनापती वेस्टमोरलँड यांनी युद्धाचा शेवट दिसू लागल्याचे सांगितले. जानेवारी १९६८ च्या अखेरीस सायगॉनच्या अमेरिकी दूतावासाच्या आवारात हल्लेखोर शिरले. सरकारचे शब्द आणि डोळ्यांना दिसणारे वास्तव यांतली दरी आता झाकता येईना.

१२ मार्च १९६८ रोजी न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत युद्धविरोधी युजिन मॅकार्थी यांना ४२ टक्के मते मिळाली. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा उमेदवार होणार नसल्याचे जाहीर केले.

यातून काय घ्यायचे?

नेत्याचा शब्द चालेनासा झाला, तरी युद्ध लगेच थांबले नाही. अमेरिकी सैन्य १९७३ पर्यंत लढत राहिले. ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसे या युद्धात गेली. विश्वास उडण्याची वाट पाहणे म्हणूनच महागात पडते. प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावे लागतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्धाचा ठराव येतो, तेव्हा तरुण सिद्धार्थ शाक्य संघात उभा राहून आधी दोष कोणाचा याची चौकशी करा, असे सांगतो. त्याची सूचना बहुमताने फेटाळली जाते. तरीही तो आपल्या मतावरून हटत नाही. १९६४ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये असे दोघेच निघाले.