गडी किती, डाव कोणता?

खेळांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा तो खेळ कोठून आला, त्याची साधने कशाची होती, कोणत्या दरबारात तो रंगत असे, एवढ्यावर थांबतो. खेळायला किती जण बसत आणि त्यांतला एखादा न आल्यास काय करीत, हा प्रश्न क्षुल्लक मानला जातो. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तोच पहिला प्रश्न असतो. गडी कमी पडल्यावर जो खेळ मोडतो, तो फार काळ टिकत नाही.

या प्रश्नाचे रोजचे उत्तर मुंबईच्या लोकलच्या डब्यात पाहायला मिळत आले आहे. ठाण्याहून सकाळच्या धीम्या गाडीत दोघे चढतात. त्यांचे पत्ते पिसून होईतो मुलुंड येते आणि तिसरा दाखल होतो. मांडीवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस हेच टेबल. तिघे आहेत तोवर पाच-तीन-दोन. घाटकोपरला चौथा चढला की चालू डाव संपवून मेंढीकोट. गाडीच्या थांब्यांनुसार खेळ बदलतो, आणि त्याबद्दल कोणी चर्चाही करीत नाही.

या सहजतेमागे बराच जुना हिशेब आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे आपल्याकडे, विशेषतः सावंतवाडीत, जी गंजिफा रुजली ती प्रामुख्याने तिघांचा खेळ होती. मोगली गंजिफेत आठ रंगांचे ९६ पत्ते, म्हणजे प्रत्येकी ३२. दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे १२० पत्ते, म्हणजे प्रत्येकी ४०. तिघांत वाटताना एकही पत्ता उरत नाही. युरोपीय ५२ पानी जोड आला आणि हा हिशेब बिघडला, कारण ५२ ला चाराने भाग जातो, तिनाने जात नाही.

पाच-तीन-दोन हा खेळ या अडचणीतून मार्ग काढतो. चारही रंगांतील अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पाने आणि दोन सत्त्या असा ३० पानांचा जोड करायचा. प्रत्येकाला दहा पाने आणि एकूण दहा हात. पण दहा हात तिघांत सारखे वाटता येत नाहीत. म्हणून हुकूम बोलणाऱ्याने पाच, दुसऱ्याने तीन आणि वाटणाऱ्याने दोन हात करायचे, आणि पुढच्या डावात जागा बदलायच्या. ज्याच्या हाती हुकूम ठरविण्याचा अधिकार, त्याच्यावरच सर्वांत मोठे ओझे. प्रत्येक डावात विषमता आहे, पण ती फिरती असल्याने एकंदर बैठकीत समता येते.

मात्र याच खेळात एक निष्ठुर नियमही आहे. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून, ज्याने जास्त हात केले तो पुढच्या डावात पान ओढतो आणि बदल्यात आपल्याला नकोसे पान देतो. हरणारा अधिक दुबळा होतो. कबड्डीने नेमका उलटा विचार केला आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाई करणाऱ्याला पकडले, तर त्यांना एक जादा गुण मिळतो. तेथे संख्या घटली की पराक्रमाची किंमत वाढते. या दोन नियमांत न्यायाच्या दोन भिन्न कल्पना आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

आतापर्यंतच्या खेळांत गडी एकमेकांविरुद्ध बसले होते. सगळे एका बाजूला असतील आणि समोरचे संकट एकच माणूस रचत असेल, तर समतोल कसा साधायचा? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या खेळाने हा प्रश्न पुढे आणला. त्यात प्रत्येक गडी एका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन राक्षस, सापळे, लढाया उभ्या करतो. मूळ पुस्तिकेत एका मोहिमेसाठी चारपासून पन्नासपर्यंत गडी चालतील असे म्हटले होते. पण चौघांसाठी रचलेली लढाई दोघांना झेपेल का, याचे उत्तर सूत्रधाराच्या अंदाजावर सोडलेले होते.

अंदाज चुकला तर काय होते, हे द्रोणपर्व वाचलेल्यांना ठाऊक आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी चक्रव्यूह भेदण्याचा बेत एकट्यासाठी नव्हताच. अभिमन्यूने वाट फोडायची आणि पांडवांनी मागोमाग आत शिरायचे, असे ठरले होते. जयद्रथाने वाट अडवली आणि अनेकांसाठी आखलेला सामना एकट्याच्या वाट्याला आला. अभिमन्यूचे शौर्य जराही कमी झाले नव्हते. बदलली होती ती फक्त संख्या.

संख्येचा हा परिणाम सरळ प्रमाणात नसतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, सर्वांना सर्वांवर मारा करता येतो अशा लढाईत बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. सारख्याच ताकदीचे पाच आणि तीन भिडले, तर पंचवीस वजा नऊ म्हणजे सोळा, आणि त्याचे वर्गमूळ चार. म्हणजे पाचांच्या बाजूचे दोन नव्हे, चार जण उरतात. भूमिकांच्या खेळातही कारण हेच आहे. एका फेरीत चार पात्रांना चार कृती मिळतात, एकट्या राक्षसाला एक. पात्र एक वाढले की मार वाढतो, आणि आलेला घावही अधिक जणांत वाटला जातो.

म्हणून २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक शत्रूला चार जणांचा चमू गृहीत धरून आव्हानाचा अंक दिला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने शत्रूंच्या संख्येनुसार गुणक ठरविले: शत्रू दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट. चमूत तिघांहून कमी गडी असल्यास गुणक एक पायरी वर, सहा किंवा अधिक असल्यास एक पायरी खाली.

योगायोगाने त्याच वर्षी, ८ जून २०१४ रोजी, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तोवर बोरिवलीहून मुलुंडला रेल्वेने जायचे तर दादरला गाडी बदलावी लागे. आता अंधेरीहून घाटकोपरला सरळ जाता येऊ लागले आणि दोन मार्गांवरच्या मित्रांना रविवारी एका टेबलाशी बसणे सोपे झाले. तरी सहांपैकी किती जण येतील, हे उपनगरात गाडी, पाऊस आणि नोकरीच ठरवितात. तेव्हा गैरहजर गड्यासाठी रविवार रद्द करायचा की आलेल्या तिघांपुरते संकट कमी करायचे, हा निर्णय सूत्रधारापुढे असतोच. रविवार वारंवार रद्द होऊ लागले, की गट हळूहळू विरतो.

२०२४ च्या नव्या सूत्रधार-पुस्तकाने ते गुणक काढून टाकले. आता प्रत्येक पात्रामागे ठरावीक वाटा धरायचा आणि पात्रांच्या संख्येने गुणायचे. बाकीचे तारतम्य सूत्रधाराचे. पन्नास वर्षांनी न्याय पुन्हा बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आला, असे म्हणता येईल. पत्त्यांच्या डावात सूत्रधार नसतो, म्हणून तेथे न्याय नियमातच भरावा लागतो, आणि नियमाला समोरच्याचा थकवा दिसत नाही. सूत्रधाराला तो दिसतो. कोष्टक त्याला दोन पात्रांपुरते किती शत्रू हवेत एवढे सांगेल. त्या दोघांतला एक आज प्रथमच खेळायला बसला आहे, हे त्याने स्वतःच ओळखायचे असते.