पाण्याचा दाब : विजापूर ते रायापूर

विजापूरला गेलेला प्रवासी गोलघुमट पाहून परततो. शहरात ठिकठिकाणी उभ्या असलेल्या चौकोनी दगडी मनोऱ्यांकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. या मनोऱ्यांना 'गंज' म्हणतात. मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत, 1651 साली, शहराच्या दक्षिणेस बेगम तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी शहरात आणले गेले. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा हा भार वाटेत मोकळा केला नाही तर मातीचा नळ सांध्यात फुटणार, हे त्या कारागिरांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी वाटेत गंज उभारले. नळातले पाणी मनोऱ्यात चढे, तेथे मोकळ्या हवेला भेटे, गाळ तळाशी बसे आणि पुढचा प्रवास मर्यादित दाबाने सुरू होई. पुण्यातील पेशवेकालीन कात्रज नळाचे उच्छ्वास याच कुळातले. गोलघुमटाच्या प्रतिध्वनीची जेवढी वाखाणणी होते तिच्या दशांशाने तरी गंजांची व्हावी, असे आम्हांस वाटते.

विसाव्या शतकात प्रश्न उलटा झाला. आता पाणी वर चढवायचे होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि 1926 साली तेथील कारखान्यात सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. दाब निर्माण करणे सुलभ झाले, पण तो आवरण्याची विद्या मागे राहिली. कारखान्यांतून रूढ झालेली रीत अशी की, पंप पूर्ण वेगाने चालू ठेवायचा आणि प्रवाह कमी हवा असेल तर पुढची चावी निम्मी आवळायची. पंपाने कमावलेला दाब चावीत खर्ची पडतो आणि विजेचे बिल मालक भरतो! वास्तविक ज्या नळमार्गात चढण नाही, केवळ घर्षणच आहे, तेथे पंपाचा वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांशावर येते. मोटरचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधने आल्यावरच हे गणित रायापूरसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आवाक्यात आले.

नगरातील नळांची कथा अधिक गंभीर आहे. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी सौंदत्तीजवळच्या जलाशयातून पंपांनी आणावे लागते. ते काही दिवसांआड सोडले जाई. मधल्या काळात नळ रिकामे, म्हणजेच दाबविहीन. अशा नळाला जेथे भेग असेल तेथून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. त्यात घरोघरी नळाला थेट मोटर जोडलेली, ती तर हे पाणी ओढूनच घेते. सरकारी सेवेत राहून इतरांना नियम सांगणाऱ्या आम्हीही अशी मोटर जोडली होती, हे येथे नमूद करणे भाग आहे. आमच्या घरी विषमज्वराचे दुखणे येऊन गेले, तेव्हा वैद्यांनी प्रथम नळाचीच चौकशी केली. दोष या मोटरचाच होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्या रात्री झोप लागली नाही.

2008 पर्यंत या जोडशहरातील काही प्रभागांत नवे नळ टाकून, घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू करण्यात आले. नळ सतत भरलेला राहिला की गळतीतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात येथील सुमारे चार हजार कुटुंबांची तुलना केली गेली. लहान मुलांच्या अतिसारात एकंदरीने लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र गरीब कुटुंबांतील मुलांमध्ये रक्ताचा अतिसार कमी आढळला आणि चोवीस तास पाणी असलेल्या घरांत विषमज्वर 42 टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा आम्ही दोनदा वाचला.

मोटर आम्ही त्या दुखण्यानंतरच नळावरून काढली होती. अंगणात जमिनीलगत हौद बांधला. नळ आपल्या दाबाने देईल तेवढे पाणी त्यात पडे आणि मोटर ते हौदातून गच्चीवर चढवी. शेजाऱ्यांनी काही दिवस चेष्टा केली. पुढे त्यांपैकी दोघांनी गवंड्याचा पत्ता मागून नेला.