सोळा आणे माउस

पुण्याजवळच्या मारुंजीत जमिनीचा भाव गुंठ्यावर ठरतो आणि गुंठा म्हणजे 33 फुटी साखळीचा चौरस, 1,089 चौरस फूट. मुंबई इलाख्याच्या मोजणीदारांच्या साखळीचे सोळा भाग असत. एकेका भागाला आणा म्हणत. याहून बारीक भाग पाडता आलेच असते, पण वापरून वापरून साखळीच ताणली गेली असेल, तर खुणा बारीक करून हद्द सुधारत नाही. मारुंजीच्या त्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींत, हिंजवडीच्या आयटी पार्कातून घरी परतलेली मंडळी रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळतात, तेव्हा त्यांच्या माउसच्या खोक्यावर असाच एक बारीक खुणांचा आकडा असतो: 26,000 डीपीआय. माउस एक इंच सरकला की 26,000 पावलं मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. आकडा खोटा नाही. त्याला अचूकपणा समजणं चूक आहे. माउसचं कूळ शोधत मागे गेलं की हे स्पष्ट होतं.

1964 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. लाकडी डबी, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. तिरकं सरकवलं की प्रत्येक चाक थोडं फिरे, थोडं घासटे. चूक तिथे होती. मग चाकांच्या जागी गोळी आली. जर्मनीच्या टेलिफुंकेनने ती 1968 मध्येच आणली होती, पुढे झेरॉक्सनेही वापरली. घासटणं गेलं, मळ आला. आतल्या रुळांवर धुळीचं काळं कडं जमे, ते नखाने खरवडेपर्यंत बाण पडद्यावर अडखळत चाले; सायबर कॅफेच्या काळातल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. 1980च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माउस आले, पण त्यांना रेघा आखलेलं खास पॅड लागे. ही अट सुटली ती भलत्याच वाटेने. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कागदावरून हाताने फिरवायच्या स्कॅनरवर काम चाललं होतं. आपण किती सरकलो हे त्या यंत्राने कागदाच्या तंतूंवरून ओळखायचं होतं. तीच युक्ती 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउस एक्स्प्लोररमध्ये आली: पोटातला छोटा कॅमेरा सेकंदाला 1,500 फोटो काढी आणि लागोपाठचे दोन फोटो ताडून अंतर ठरवी. गोळी गेली, मळ गेला. पण जोराचा हिसका दिला की दोन फोटोंत सामाईक काही उरत नसे आणि बाण वाट चुके. नेमबाजीच्या खेळात हिसकाच तर महत्त्वाचा! पुढच्या सेन्सरांनी मुख्यतः हा वेग पेलायला शिकून घेतलं. प्रत्येक पिढीने आधीची एक चूक काढली. अचूकपणा वाढला तो असा.

आकड्याची कथा निराळी आहे. त्याच 1999 मध्ये रेझर कंपनीने खास खेळाडूंसाठी बूमस्लँग हा माउस बाजारात आणला, 2,000 डीपीआयचा. त्याच्या पोटात मात्र तीच मळ खाणारी गोळी होती. आकडा पुढच्या काळातला, चूक जुन्या काळातली.

यावर जाणकार म्हणतील, जास्त डीपीआयला हालचालीची पहिली चाहूल लवकर लागते. बरोबर आहे. हात सेकंदाला 10 मिलिमीटर सरकत असेल, तर 800 डीपीआयवर पहिलं पाऊल सुमारे 3 मिलिसेकंदांनी पडतं, 1,600 वर दीड. त्यापुढे कमवायला दीड मिलिसेकंदही उरत नाही, आणि 60 हर्ट्झचा पडदा तर दर 16.7 मिलिसेकंदांनी बदलतो. उलट 26,000 वर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या सेटिंगला 1,920 पिक्सेलचा अख्खा पडदा दोन मिलिमीटरांच्या आत संपतो. एवढ्यावर नेम धरणारा हात कुणाचा? काउंटर-स्ट्राइक या तशाच नेमबाजीच्या खेळाचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू 400 ते 800 वर खेळतात ते उगाच नाही. दुसरा आक्षेप असा, की मोठा आकडा निदान चांगल्या सेन्सरची खूण तरी ठरतो. नामांकित सेन्सरांपुरतं ते मान्य. पण स्वस्त माउस एका खऱ्या पावलाचे हिशेबात चार तुकडे करूनही आकडा फुगवतात. जुन्याच साखळीवर नव्या खुणा रंगवण्यातला हा प्रकार.

तेव्हा माउस पारखायचा तर साखळी ताणते का ते बघावं. आधी विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. नावात अचूकपणा असला तरी त्याचं काम उलटं: हात वेगात असला तर तेवढ्याच अंतरात बाण लांब पळवणं. मग डीपीआय 800 ठेवा, पॅडला पट्टी लावा, बाण पडद्याच्या डावीकडच्या एखाद्या चिन्हावर आणा. माउस झटक्यात 5 सेंटिमीटर उजवीकडे न्या आणि सावकाश मूळ जागी आणा. बाण त्याच चिन्हावर परतला पाहिजे. दुसरी चाचणी उचलण्याची, कारण कमी डीपीआयवर खेळणाऱ्याला माउस सतत उचलून मागे ठेवावा लागतो. एटीएम कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर असते. भिंग उघडं राहील अशा बेताने माउसच्या दोन्ही टोकांखाली दोन-दोन कार्डं सरकवा. तरीही बाण हलत असेल, तर दर उचलीला नेम ढळणार. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. माउस परत करायची मुदत संपायच्या आत उरकून घ्या.