नावेलीचा प्रतिनिधी लिस्बनच्या सभागृहात

फ्रान्सिस्को लुईश गोमिश यांचा जन्म 31 मे 1829 रोजी गोव्याच्या साष्टी महालातील नावेली गावी झाला. मडगावला लागून असलेलं हे गाव तेव्हा भातशेतीचं, माडांचं आणि गावकारीचं होतं. गावच्या जमिनी गावकारांच्या, म्हणजे मूळ वसाहतदार घराण्यांच्या, संस्थेच्या ताब्यात असत. शेतं ठरावीक मुदतीनं लिलावात दिली जात, बांध आणि मानशी (पाण्याच्या झडपा) यांचा खर्च संस्था करी आणि उरलेल्या उत्पन्नातला वाटा गावकारांना मिळे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था पोर्तुगिजांनी मोडली नाही. तिला आपल्या कायद्यांत बसवून घेतलं, एवढंच.

साष्टी नावाचे प्रदेश पश्चिम किनाऱ्यावर दोन आहेत. आज मीरा-भाईंदर ज्या बेटावर वसलेलं आहे, ती उत्तरेकडची साष्टी. तीही दोनशे वर्षं पोर्तुगिजांकडे होती. 1737 ते 1739 च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ती त्यांच्या हातून गेली. 1739 मध्ये मराठी फौजा गोव्याच्या साष्टीतही उतरल्या होत्या, पण ती साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली आणि जुन्या काबिजादीचा, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखाचा, भाग म्हणून गणली जाऊ लागली. गोमिश यांचं राजकारण या फरकातूनच शक्य झालं.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजवट आली आणि वसाहतींनाही लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क मिळाला. गोव्यातून 1822 मध्ये पहिल्यांदा निवडून गेलेल्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्व्हा होते. पुढे 1835 मध्ये ते प्रीफेक्ट म्हणून गोव्याचे प्रमुख झाले आणि जेमतेम सतरा दिवसांत त्यांना उलथवण्यात आलं. म्हणजे गोवेकराला लिस्बनमध्ये बाकावर बसू देणं एक आणि पणजीत खुर्चीवर बसू देणं दुसरं. मतदानाचा हक्कही मिळकतीवर बेतलेला होता. कुळं आणि मजूर त्यात नव्हते.

गोमिश पणजीच्या वैद्यकीय विद्यालयात शिकले आणि सैन्यात शल्यचिकित्सक झाले. घरची बोली कोंकणी, शिक्षणाची भाषा पोर्तुगीज. त्यात फ्रेंचची भर पडली. त्या काळी युरोपात सुशिक्षितांचा व्यवहार फ्रेंचमधून चाले आणि गोव्यातल्या शिकलेल्या घरांतही ती वाचली जाई. 1860 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गोमिश निवडून आले. सुएझचा कालवा तेव्हा खोदला जात होता, त्यामुळे लिस्बन गाठायचं तर मिसरातून जमिनीवरचा टप्पा पार करून भूमध्य समुद्रात दुसरी बोट धरावी लागे.

18 जानेवारी 1861 रोजी त्यांनी संसदेत पहिलं भाषण केलं. वसाहतींना प्रतिनिधित्व असावंच कशाला, असा सूर तिथे उमटला होता, त्याला हे उत्तर होतं. पहिल्याच भाषणात आपल्या बाकाचा हक्क सिद्ध करावा लागलेला सभासद विरळाच. 1852 च्या घटनादुरुस्तीनं वसाहतींसाठी वेगळे कायदे करण्याची मुभा सरकारला दिली होती. संसदेचं अधिवेशन नसताना मंत्रिमंडळ परस्पर वटहुकूम काढू शके. अशा स्थितीत समुद्रापारच्या मूठभर सभासदांकडे बोलण्यापलीकडे फारसं हत्यार नव्हतं, आणि गोमिश बोलण्यात तरबेज होते.

शेजारच्या ब्रिटिश मुलखाशी ताडून पाहिलं की या बाकाची किंमत कळते. मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ 1862 मध्ये सुरू झालं. त्यात जगन्नाथ शंकरशेट बसले ते सरकारनं नेमले म्हणून, कोणी निवडून दिलं म्हणून नव्हे. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत पोहोचले 1892 मध्ये. फ्रेंच कवी लामार्तीन यांना 1861 मध्ये लिहिलेल्या फ्रेंच पत्रात गोमिश यांनी भारतासाठी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागितला. स्वतः मात्र आपण देशबांधवांपेक्षा भाग्यवान, म्हणजे स्वतंत्र नागरिक आहोत, असं त्यांनी त्यात मानलं. पोर्तुगीज सत्तेवरचा हा विश्वास आज भाबडा वाटतो. त्यांच्या पिढीतल्या शिकलेल्या गोवेकरांत तो सर्रास होता.

1862 मध्ये त्यांचं पोर्तुगीज हिंदुस्थानातील जमीन आणि ग्रामीण अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक निघालं. जमीन बंधमुक्त व्हावी ही भूमिका त्याच्या शीर्षकातच होती. उदारमतवादी अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहणाऱ्या या नावेलीकराला गावकारी हा खेड्याचा आधार वाटण्याऐवजी शेतीच्या पायातली बेडी वाटावी, हे चमत्कारिक खरं, पण त्या काळाच्या विचाराशी सुसंगत. 1866 च्या ‘उस ब्राह्मनिश’ या कादंबरीत त्यांनी जातिभेदावर आणि इंग्रजी राज्यावर एकाच वेळी टीका केली. ती गोवेकरानं लिहिलेली पहिली कादंबरी समजली जाते. कथा मात्र गोव्यात घडत नाही. ती घडते उत्तरेत, फैजाबादला.

अर्थशास्त्रावरचा मोठा ग्रंथ त्यांनी 1867 मध्ये फ्रेंचमध्ये लिहिला. 1869 मधलं पोर्तुगीज मुत्सद्दी मार्किश द पोंबाल यांचं चरित्रही फ्रेंचमध्येच. कॅनडातले फ्रेंचभाषक सभासद 1793 मध्ये इंग्रजांच्या राज्यातल्या विधानसभेत मायबोलीच्या जागेसाठी भांडले होते. गोमिश यांच्यासाठी फ्रेंच ही मायबोली नव्हती, युरोपात ऐकलं जाण्याचं साधन होती. कोंकणीसाठी लिस्बनमध्ये असा वाद होण्याचा प्रश्नच नव्हता. नावेलीच्या शेतात राबणाऱ्यांना आपल्याविषयी काय छापलं गेलं, ते वाचता येणं शक्य नव्हतं.

लिस्बनमध्ये त्यांची प्रकृती ढासळली. परतीच्या प्रवासात 30 सप्टेंबर 1869 रोजी भूमध्य समुद्रात बोटीवरच, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला आणि देह समुद्रात सोडण्यात आला. सुएझ कालवा खुला व्हायला तेव्हा जेमतेम सात आठवडे उरले होते.