निवड कशासाठी? काचेच्या बशीतल्या भ्रूणाची गोष्ट

‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द आता खेडोपाडी पोचला आहे. त्यातली परीक्षानळी मात्र फसवी आहे. स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते एका पसरट बशीत. बाळ काही तिथे वाढत नाही. तिथे असतो तो फार तर पाच-सहा दिवसांचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा भ्रूण. पुढचे सगळे महिने आईच्याच गर्भाशयात जातात.

पण या पाच-सहा दिवसांनीच एक अवघड प्रश्न उभा केला. बशीत सहा-सात भ्रूण असतील, तर गर्भाशयात कोणता सोडायचा? आणि तो कशाच्या आधारावर निवडायचा? या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर विज्ञान, कायदा आणि आपला समाज यांची एकत्र ओळख होते. महाराष्ट्राचा या इतिहासात मोठा वाटा आहे.

सुरुवातीला निवड करायला वावच नव्हता. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांनी तिच्या आईच्या नैसर्गिक ऋतुचक्रातले एकच स्त्रीबीज मिळवले होते. त्याचा आठ पेशींचा भ्रूण झाला आणि तोच गर्भाशयात सोडला गेला. अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी औषधे देऊन जास्त स्त्रीबीजे मिळवली होती आणि भ्रूण गोठवून ठेवून नंतरच्या ऋतुचक्रात वापरला होता. चौकशी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्माला आली. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. पुढे आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे स्वतः तपासली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले, की हा मान त्यांचा आहे. आपल्या नावावरचे श्रेय पुराव्यापुढे दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ वर्गात आवर्जून सांगावा असाच आहे.

जास्त स्त्रीबीजे मिळू लागली, तसा निवडीचा प्रश्न पुढे आला. कोणता भ्रूण रुजेल हे सांगता येत नसल्यामुळे ऐंशीच्या दशकात डॉक्टर तीन-चार भ्रूण एकदम सोडत. एखादा तरी तग धरेल, हा हिशेब. कधी एकही रुजत नसे, कधी तिन्ही रुजत. जुळी-तिळी पुष्कळदा दिवस भरण्यापूर्वी जन्मत आणि आई व बाळे दोघांच्याही जिवाला धोका होई. म्हणजे सक्षम भ्रूण ओळखता येणे ही चैन नव्हती, सुरक्षिततेची गरज होती.

पहिली कसोटी होती डोळ्यांची. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. पेशी सारख्या आकाराच्या, मध्ये तुकडे-कचरा कमी. असा भ्रूण चांगला समजत. परंतु दिसणे फसवते. का, हे समजायला वर्गात ओल्या फडक्यात भिजवलेला हरभरा आठवावा. अंकुर सुरुवातीला डाळिंब्यांत साठवलेल्या अन्नावर वाढतो. स्वतःची मुळे-पाने काम करू लागली की त्याची खरी परीक्षा सुरू होते. मानवी भ्रूणाचेही असेच असते. पहिली विभाजने स्त्रीबीजात आईने ठेवलेल्या शिदोरीवर होतात. भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात, हे १९८८ मध्ये दाखवले गेले. त्याआधी निवड करणे म्हणजे अंकुरावरून पिकाचा अंदाज बांधणे.

नव्वदच्या दशकात पोषकद्रव्ये सुधारली आणि भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत बशीत वाढवता येऊ लागला. आता तो पोकळ चेंडूसारखा होतो: आत बाळ घडवणाऱ्या पेशींचा पुंजका, बाहेर वार घडवणाऱ्या पेशींचा थर. इथवर पोचणे हीच एक चाळणी ठरते. जोडीला गोठवण्याचे तंत्र सुधारले, त्यामुळे एकच भ्रूण सोडून बाकीचे जपून ठेवणे शक्य झाले. मुखोपाध्यायांनी केलेली गोष्ट आज नित्याची आहे.

दुसरी कसोटी आली गुणसूत्रांची. १९९० मध्ये लंडनला अॅलन हँडिसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भ्रूणाची एक पेशी काढून त्याचे लिंग ओळखले. हेतू स्पष्ट होता. काही आनुवंशिक आजार एक्स गुणसूत्रावरून येतात आणि मुख्यतः मुलग्यांना जडतात. अशा घरांत त्यांनी मुलीचे भ्रूण निवडले. म्हणजे या तंत्राने जगात प्रथम निवडल्या गेल्या त्या मुली!

आपल्याकडे हेच तंत्र उलट्या कामाला लागण्याची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. गर्भजलपरीक्षेच्या दुरुपयोगाविरुद्ध मुंबईत चळवळ झाली आणि महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. पण हे कायदे गर्भवती स्त्रीच्या तपासणीबद्दल होते. बशीतल्या भ्रूणाच्या वेळी गर्भधारणा झालेलीच नसते. ही पळवाट बुजवण्यासाठी आणि कायदा खरोखर अमलात यावा म्हणून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. सुधारित कायदा १४ फेब्रुवारी २००३ पासून लागू झाला. त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. अपत्याचे लिंग निवडणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा दावा एका दांपत्याने मुंबई उच्च न्यायालयात केला. २००५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

कायद्याची गरज आकडे सांगतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. ही घट मुख्यतः सोनोग्राफी आणि गर्भपातामुळे झाली, बशीतल्या निवडीमुळे नव्हे. पण मागणी तीच असताना नवे साधन कुणाच्या हाती कसे वापरले जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पुणे-नगर रस्त्यावरच्या सणसवाडी, शिक्रापूर भागातल्या शिक्षकांना याची दुसरी बाजू गोठ्यातच दिसेल. शिरूर तालुक्यातच वडगाव रासाई येथे जे. के. ट्रस्टच्या केंद्रात गाईंचे भ्रूण प्रयोगशाळेत तयार केले गेले आहेत. दुधाच्या धंद्यात कालवड हवी असते, म्हणून लिंग निवडलेल्या रेतमात्रा शेतकरी उघडपणे पैसे देऊन घेतो. गोऱ्हा नको, कालवड हवी. मुलगी नको, मुलगा हवा. जीवशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. एक्स आणि वायचा खेळही तोच. फरक एवढाच, की गाय आपण उत्पन्नासाठी पाळतो आणि मूल तसे नसते. कायदा हाच फरक मांडतो.

सक्षम भ्रूण ओळखण्याचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. भ्रूणाचे सतत चित्रण करून निवड केली तरी बाळे जास्त जन्मत नाहीत, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. गुणसूत्रांची तपासणी सरसकट सगळ्या जोडप्यांत केल्याने यश वाढते, हेही मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले नाही. वंध्यत्वावर उपचार घेणारे जोडपे मात्र प्रत्येक नव्या तपासणीचे पैसे मोजत असते. तेव्हा ‘हमखास’ हा शब्द जाहिरातीत दिसला की पुरावा विचारावा.

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय टाळू नये. फळ्यावर दोन रकाने करावेत: ‘भ्रूणाबद्दल विज्ञान काय सांगू शकते’ आणि ‘कोणत्या कारणासाठी निवड करणे योग्य’. गंभीर आनुवंशिक आजार, मुलगा हवा असणे, डोळ्यांचा रंग, एकच मूल सुखरूप जन्मावे ही इच्छा, ही कारणे मुलांनाच लिहू द्यावीत, आणि वाद होऊ द्यावा. पहिला रकाना पाठ्यपुस्तक भरून देईल. दुसऱ्यासाठी मुलींचे म्हणणे मुलग्यांनी शांतपणे ऐकून घेतले, तरी तो तास सत्कारणी लागला असे समजावे.